मूळ संख्या ओळखता येते, मग आरएसए सुरक्षित कसं?

गणितशिक्षिका_सांगली: 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की संख्या मूळ आहे का, हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी आटोक्यात राहणाऱ्या पायऱ्यांत, ठरवता येतं. मग दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभं असलेलं आरएसए, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत, मोडलं का नाही? अकरावीतल्या मुलाचा प्रश्न आहे, त्याला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

घातांक: ताई, संख्या संयुक्त आहे हे कळणं वेगळं, तिचे अवयव सापडणं वेगळं. 2 च्या 14व्या घाताला 15 ने भागा. बाकी 4 उरते. 15 मूळ असती तर फर्माच्या सिद्धान्ताने 1 उरली असती. म्हणजे ती मूळ नाही हे पक्कं, पण 3 आणि 5 कुठे दिसले? आरएसएला धोका अवयव पाडण्याचा.

गणितशिक्षिका_सांगली: हे फळ्यावर करता येईल! पण 561 फर्माला फसवते ना?

घातांक: हो, तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया घ्या, त्याच्या 560व्या घाताला 561 ने भागून बाकी 1च, ती मूळ नसूनही. म्हणून या तिघांनी संख्येऐवजी (x+a) या बहुपदीचा n वा घात तपासला (n म्हणजे तपासायची संख्या). तिथे अशी फसवणूक चालत नाही. ही कल्पना मला फार आवडते.

रात्रपाळी: प्रत्यक्षात मात्र मिलर-राबिन ही यादृच्छिक पाये घेऊन मूळ संख्या तपासणारी चाचणीच वापरतात. एका फेरीत चुकण्याची शक्यता जास्तीत जास्त पाव, आणि वेग कितीतरी जास्त.