प्रतिसाद: मँचेस्टरला एक दिवस पुरे?

'मँचेस्टरमध्ये फुटबॉल आणि पाऊस सोडून काय आहे, एक दिवस पुरे' असं वर कुणीतरी लिहिलंय. पावसाचं कबूल, बाकीचं नाही. कॅसलफील्डला कालव्याच्या काठाने चाला: लाल विटांची गोदामं, डोक्यावरून लोखंडी रेल्वेपूल, खाली लोक बिअर घेऊन बसलेले. गिरणगावची आठवण येतेच.

पण खरी मजा शहराबाहेर आहे. स्टायलच्या क्वारी बँक गिरणीत (1784ची, विमानतळाजवळच) माग सुरू करून दाखवतात, तेव्हा शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. तिथे राबणाऱ्या पोरांचं वसतिगृहही बघा, पोटात कालवतं.

दुसरा दिवस ईडेल या डोंगरातल्या गावाला. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून पाऊण तासाची ट्रेन, मग मॅम टॉर ही टेकडी, उंची फक्त 517 मीटर. सिंहगड चढणाऱ्याला किरकोळच, पण वारा टोपी उडवतो. पलीकडे कॅसलटनकडे उतरताना दरडींमुळे 1979मध्ये बंद केलेला रस्ता लागतो. डांबराचे थरावर थर फाटलेत, मधली पांढरी रेघ अजून दिसते. पुन्हा पुन्हा नवा थर टाकत होते बिचारे! बूट मात्र चांगले घाला, चिखल भयंकर असतो.