मदत हवी आहे: लग्न दीड महिन्यावर, भावाची एचआयव्ही टेस्ट कधी करायची? (इंदूर)

नवीन आयडी काढून लिहितेय, इथे ओळखीचे फार आहेत.

परवा रात्री धाकटा भाऊ घरी आला, हे झोपल्यावर मला गच्चीवर नेलं आणि रडायलाच लागला. पाच आठवड्यांपूर्वी दुकानाचा माल घेऊन ट्रकबरोबर एबी रोडने मुंबईकडे गेला होता, वाटेत ड्रायव्हरच्या नादाने एका बाईकडे गेला. कंडोम नव्हता का विचारलं तर म्हणे होता ना, तिने हातात धरला होता, मीच नको म्हटलं, वर दोनशे रुपये जास्त दिले. ते दोनशे रुपये डोक्यातून जातच नाहीयेत माझ्या.

पत्रिकेत 36 पैकी 28 गुण जुळले म्हणून आई खूश आहे, रक्ताचं कोणी विचारलं नाही, आपल्यात विचारतच नाहीत. आता टेस्ट केली नि निगेटिव्ह आली तर झालं का? घरी कळेल का?

जुना_समुपदेशक: ताई, 72 तासांच्या आत गेला असता तर लागण टाळायच्या 28 दिवसांच्या गोळ्या सुरू करता आल्या असत्या, ती वेळ गेली. एमवायमधे, म्हणजे आपल्या इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र) आहे, टेस्ट फुकट, नाव गुप्त, 2017 च्या एचआयव्ही कायद्यातच आहे तसं. उद्याच न्या, पण आत्ताचा निगेटिव्ह शेवटचा धरू नका, तीन महिने झाले की परत करायची. म्हणजे लग्नाच्या तारखेला उत्तर पक्कं नसणार. तोवर कंडोमशिवाय नाही, लग्न झालं तरी. सिफिलिस, हेपॅटायटीस बी पण करून घ्या. पॉझिटिव्ह आलाच तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीचे औषधोपचार, 2004 पासून सरकारी दवाखान्यात फुकट आहे, गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. अडलं तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा.

राजवाडेकर: अशा बायकाच पसरवतात हे सगळं.

जुना_समुपदेशक: कंडोम कोणाच्या हातात होता ते वाचलं नाही का भाऊ? आमच्याकडे त्या बायका दर सहा महिन्यांनी टेस्टला यायच्या, गिऱ्हाईक क्वचित. गिऱ्हाईक सरळ घरी जातं. मग बायकोला दिवस गेले की तपासणीत तिचं रक्त पॉझिटिव्ह निघतं आणि सासू तिलाच विचारते, कुठून आणलंस?

धागाकर्ती: आज जाऊन आलो. रांगेत तोंडाला रुमाल बांधून उभा होता, उन्हाचं निमित्त. निगेटिव्ह आहे, पण परत बोलावलंय. मुलीला त्यानेच सांगायचं असं ठरलंय, रविवारपर्यंत वेळ दिलाय मी, नाहीतर मी सांगणार. आत्ता तिचाच मेसेज आला, ताई ब्लाउजची बाही किती ठेवू म्हणून, अजून उत्तर दिलं नाहीये.