मदत हवी आहे: योजना सर्वांना लागू झाल्यावर कॅज्युअल्टीतली गर्दी वाढली का, हे कसे मोजावे?

मिरज_एमपीएच:
नमस्कार मंडळी. सांगली-मिरज भागातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टी रजिस्टरवर लघुप्रबंध करायचा आहे. राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना लागू झाली आणि उपचारखर्चाची वार्षिक मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. त्याआधीचे सहा आणि नंतरचे सहा महिने ताडून पाहणार आहे. अमेरिकेत ऑरेगनमध्ये विमा मिळालेल्यांच्या इमर्जन्सीतल्या भेटी 40 टक्क्यांनी वाढल्या, इथेही वाढच दिसेल असे गृहीतक आहे. कुठे चुकत असेल तर सांगा.

कृष्णाकाठ:
गृहीतकापासूनच अडचण आहे. ऑरेगनमध्ये 2008 साली लॉटरी काढून मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) दिले, म्हणून तो निष्कर्ष भक्कम. विमा नसलेल्यांच्या 18 महिन्यांत माणशी सरासरी 1.02 भेटी होत्या, विम्याने त्यात 0.41 ची भर पडली. पण वाढल्या त्या तपासून घरी पाठवलेल्यांच्या भेटी. इमर्जन्सीतून थेट भरती झालेल्यांमध्ये ठळक वाढ आढळली नाही.

आता आपली योजना पाहा. ती पैसे देते भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी. रात्री ताप आला, कॅज्युअल्टीत इंजेक्शन घेतले आणि घरी गेला, तर योजनेचा काही संबंध येत नाही. म्हणजे तिकडे जो भाग वाढला तो इथे योजनेबाहेर आहे. त्यामुळे एकूण भेटी मोजून फार काही हाती लागणार नाही. कॅज्युअल्टीत आलेल्यांपैकी भरती किती झाले, दुसरीकडे किती पाठवले, भरतीची शिफारस असूनही सही करून किती घरी गेले, हे तीन आकडे महिन्यागणिक काढा. खर्चाच्या धास्तीने घरी जाणारे कमी झाले असतील, तर योजनेचा परिणाम तिथेच दिसेल.

अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याचाही विचार करा. जवळपास सर्वांना विमा देणाऱ्या 2006 च्या कायद्यानंतर तिथल्या काही अभ्यासांत भेटी कमी झालेल्या आढळल्या. विम्याने गर्दी वाढतेच असा नियम नाही. विम्यात ओपीडी आहे का आणि जवळ डॉक्टर मिळतो का, यावर ते ठरते.

आकडेमोड:
सहा-सहा महिने घेऊ नका. जुलै ते डिसेंबरमध्ये पावसाळा येतो, म्हणजे सर्पदंश, डेंग्यू, गॅस्ट्रो. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम आणि उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात. हे सगळे तुम्ही योजनेच्या खात्यावर मांडाल. जुलै 2023 ते जून 2024 आणि जुलै 2024 ते जून 2025 अशी पूर्ण वर्षे घ्या, महिना त्याच महिन्याशी ताडा. आणखी मागे जाणार असाल तर 2019 चा महापूर आणि कोविडचा काळ वगळा.

योगायोगाने होणारा चढउतारही लक्षात घ्या. समजा दिवसाला 60 नोंदी आहेत. महिन्याच्या 1800 होतात. अशा मोजणीत योगायोगाचा चढउतार साधारण आकड्याच्या वर्गमुळाइतका असतो, इथे सुमारे 42, म्हणजे 2.4 टक्के. दोन महिन्यांच्या फरकात तो 3.3 टक्क्यांवर जातो. एका महिन्याच्या तुलनेत 5 टक्के वाढ दिसली तरी छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. वर्षभराच्या तुलनेत तो साधारण 1 टक्का राहतो, आणि साथी आल्या की त्याहून जास्त.

केसपेपर:
रजिस्टरमधली एक ठरलेली गफलत सांगतो. कुत्रा चावलेल्याला कातडीत लस दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी यावे लागते. रविवारी, सुट्टीला ओपीडी बंद, मग तो डोस कॅज्युअल्टीत पडतो आणि नवी भेट म्हणून चढतो. ड्रेसिंगचेही तेच. पहिली भेट आणि फेरभेट वेगळी केल्याशिवाय बेरीज करू नका. पोलीस केसच्या नोंदी दोन रजिस्टरांत असतात, त्या दोनदा मोजल्या जातात.

दुसरी गोष्ट, 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये त्यात येतात. मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या खात्याचे. तुमचे रुग्णालय कोणत्या खात्याखाली आहे ते आधी लिहा, नाहीतर त्या निर्णयाने हललेली गर्दी योजनेच्या नावावर जाईल.

मिरज_एमपीएच:
खूप आभार. पिवळे-केशरी कार्डवाले आधीपासून योजनेत होते, पांढरे नव्याने आले. या दोन गटांची तुलना करता येईल का? रजिस्टरमध्ये कार्डाचा रंग नाही.

कृष्णाकाठ:
कल्पना चांगली आहे. सांगली-साताऱ्यात ती जास्त जमते, कारण पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना आधीच सामावून घेतलेल्या 14 जिल्ह्यांत हे दोन्ही नाहीत. पण रंग फक्त आरोग्यमित्राकडच्या (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) नोंदीत सापडेल, आणि तिथे भरती झालेलेच असतात. तेवढ्यावर गट पाडलेत तर घरी गेलेले निसटतात. त्यापेक्षा रजिस्टरमधला गावाचा रकाना वापरा. तालुका पुरवठा शाखेत गावनिहाय कार्डसंख्या मागा, पांढऱ्या कार्डांचे प्रमाण जास्त असलेली गावे एका बाजूला, कमी असलेली दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि दोन्हीकडे भरतीच्या प्रमाणातला बदल पाहा. शहरातले पत्ते नुसते 'सांगली' असे लिहिलेले असतात, ते बाजूला काढावे लागतील. नीतिशास्त्र समितीकडे जाण्यापूर्वी नावे काढून टाका, वय, लिंग आणि गाव पुरते.