नगरपंचायतीच्या जैवविविधता समितीला तलाव आणि झुडपी जमीन राखण्याचा अधिकार नेमका किती?

पाळेकाठचा मास्तर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. पूर्व विदर्भातील तालुक्याच्या एका गावी मी राहतो. काही वर्षांपूर्वी आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, सतरा प्रभाग आले आणि ग्रामसभा मात्र गेली. मी निवृत्त शिक्षक आहे. मागच्या महिन्यात जैवविविधता व्यवस्थापन समितीवर सदस्य म्हणून माझी नेमणूक झाल्याचे पत्र हाती पडले. समिती अस्तित्वात आहे, हे मला त्या पत्रावरूनच कळले.

गावाला लागून जुना मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळचा आपल्याकडचा मामा तलाव, आहे. पावसाळ्यानंतर जसजसे पाणी ओसरते, तसतशी मागच्या उथळ अंगाला गाळपेर होते. त्याच चिखलात देवधान, म्हणजे रानटी भात, उगवते आणि वारकरी पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या चरताना दिसतात. त्यापलीकडे पळस, येरोणी आणि भराटीची झुडपी जमीन आहे, तिथे गावची गुरे जातात. आता तलावाच्या ‘सौंदर्यीकरणाचा’ प्रस्ताव आला आहे. पाळीवर पेव्हर ब्लॉक बसवायचे, उथळ भाग मुरूम टाकून भरायचा आणि तिथे बगीचा व खाण्याच्या गाड्यांसाठी ओटे बांधायचे, असा तो आहे. समितीच्या शिफारशीसाठी कागद माझ्यासमोर ठेवताना कर्मचारी म्हणाला, “सही करून टाका सर, औपचारिकता आहे.”

माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात राहतो. तिथे शहराच्या मोकळ्या नैसर्गिक जमिनींवर देखरेख करण्यासाठी पाच नागरिकांचे विश्वस्त मंडळ असून त्यांची नेमणूक नगर परिषद करते. एरवी हे मंडळ सल्लाच देते, पण अशी जमीन विकायची किंवा दुसऱ्या कामाला द्यायची झाल्यास पाचपैकी किमान तिघांची संमती लागते आणि ती नसेल तर परिषदेलाही पुढे जाता येत नाही, असे त्याने सांगितले. आमच्या समितीकडे असे एखादे कुलूप आहे काय, की आम्ही केवळ सहीपुरते?

---

नोंदवहीवाला

मास्तरजी, मी तीन गावांच्या लोक जैवविविधता नोंदवहीचे, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीची स्थानिक माहिती लिहून ठेवण्याचे, काम केले आहे, म्हणून त्या अनुभवावरून लिहितो. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने अशी समिती स्थापन करायची असते. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे विदर्भातल्या माणसाला तिथवर जाणे तरी कठीण नाही. समितीचे मुख्य काम स्थानिकांशी बोलून नोंदवही तयार करणे हे आहे. आपल्या क्षेत्रातील जैविक संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने व राज्य मंडळाने समितीशी विचारविनिमय करावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. व्यापारासाठी वनस्पती वगैरे गोळा करणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते आणि स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद आहे.

परंतु आपण विचारलेले कुलूप या कायद्यात नाही. समितीने नकार दिल्यास तलावात मुरूम टाकता येणार नाही, असे कोणतेही कलम तुम्हाला सापडणार नाही. आपल्या समित्यांचा जन्मही धावपळीत झाला. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर मागे राहणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा राज्यभर भराभर समित्या आणि नोंदवह्या तयार झाल्या. आपल्याला पत्रावरून समिती कळली, यात नवल नाही.

बोल्डरबद्दल एक भर घालतो, कारण भाच्याने बहुधा पैशाची बाजू सांगितली नसावी. तिथल्या मतदारांनी १९६७ मध्ये स्वतःवर विक्रीकर लावून घेतला आणि त्यातले शंभर डॉलरच्या खरेदीमागे ४० सेंट मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी वेगळे ठेवले. जमीन शहराने कराच्या पैशातून घेतलेली असल्यामुळे ती विकताना नागरिकांना विचारावे लागते. आपल्याकडे जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचे, मासळी तिसऱ्याची आणि समिती नगरपंचायतीची, अशी गत आहे.

---

निवृत्त मंडळ अधिकारी

मास्तर, कायद्याच्या आधी सातबारा काढा. तलाव आणि मागची झुडपी जमीन हे दोन वेगळे विषय आहेत आणि प्रस्ताव तयार करणाऱ्यांनी ते मुद्दाम एकत्र गुंडाळलेले असतात, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि तलाव सरकारकडे आले. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे पाटबंधारे विभागाकडे, अशी साधारण वाटणी आहे. गावाची नगरपंचायत झाली म्हणून तलाव आपोआप तिच्या मालकीचा होत नाही. तेव्हा पहिला प्रश्न लेखी विचारा की हा तलाव कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या खात्याची संमती प्रस्तावाला जोडली आहे काय. अर्धे प्रस्ताव इथेच अडतात.

पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांवर मात्र फार विसंबू नका. मुद्दाम सिंचनासाठी बांधलेल्या जलरचना त्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. आमच्या पूर्वजांनी तलाव शेतीसाठी खोदला, म्हणून तो नियमांच्या बाहेर पडला. वारकरी पक्ष्याला हा भेद कोण समजावणार!

झुडपी जमिनीची गोष्ट निराळी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलाची जमीन ८६ हजार हेक्टरांहून अधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी, आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाला धरून, ही जमीन वनच असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे त्या जागेवर ओटा बांधायचा असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागेल. आपण ज्याला कुलूप म्हणता, ते तुमच्या गावात आहे. मात्र ते समितीच्या दाराला नसून वनकायद्याच्या दाराला आहे. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द आहेत की नाही, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आणखी एक कागद आहे, जो आजकाल कोणी मागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खालचे निस्तारपत्रक. गुरचराई, जळण, माती यांसाठी गावाने कोणती जमीन कशी वापरायची, हे त्यात नोंदवलेले असते. कलम १६५ खालच्या वाजिब-उल-अर्जमध्ये पाणी, वाट, मासेमारी यांचे चालत आलेले हक्क असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून दोन्हींच्या नकला घ्या. कागद जीर्ण असतील, घडीवर फाटलेले असतील, तरी घ्या.

---

धानाचे बांध

मी जरा कडू लिहिणार आहे, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या गावची नोंदवही बाहेरून आलेल्या माणसांनी दोन दिवसांत भरली. धानाच्या रकान्यात फक्त संकरित वाण लिहिले होते. माझ्या आईच्या कोठीत त्याच आठवड्यात लुचई आणि हिरानक्की वेगवेगळ्या डोल्यांमध्ये भरून ठेवलेली होती, परंतु तिला कोणी विचारलेच नाही. अशी वही पुढे करून समितीने कोणाशी विचारविनिमय करायचा? माझ्या मते मास्तरांनी राजीनामा द्यावा, म्हणजे निदान त्यांच्या नावाने शिफारस जाणार नाही.

---

धानोऱ्याकडची

दादा, राजीनाम्याने जागा रिकामी होईल आणि तिथे सही करणारा येईल, म्हणून मला ते पटत नाही.

आमच्या भागात, गडचिरोली जिल्ह्यात, मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यात जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे, म्हणून तिथे कुलूप खरोखर गावाच्या हातात आहे. नगरपंचायतीत ग्रामसभाच नाही, त्यामुळे मास्तरांना तो मार्ग सरळ उपलब्ध नाही, हे मान्य. पण हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावात अभ्यासगट चालत असे, निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने होत असत आणि गावचे नेते देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे बाहेरच्यांशी बोलताना आधी माहिती मागत असत. ही सवय लावून घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मास्तर, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील जाणत्यांना सोबत घेऊन तलावाभोवती एक फेरी मारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा.

---

पाळेकाठचा मास्तर

सर्वांचा आभारी आहे. राजीनामा देत नाही.

मंडळ अधिकारी साहेबांच्या सांगण्याप्रमाणे सातबारा काढला. मागच्या दोन गटांवर ‘झुडपी जंगल’ अशी स्पष्ट नोंद आहे आणि प्रस्तावातील ओट्यांपैकी निम्मे त्यातल्या एका गटात येतात. प्रस्तावाच्या नकाशात मात्र गट क्रमांकच टाकलेले नाहीत.

ताईंच्या सूचनेप्रमाणे रविवारी दोन वृद्ध ढिवरांसोबत पाळीवरून चाललो. जो उथळ भाग बुजवायचा आहे, तिथेच पावसाच्या पहिल्या पाण्यात मरळ मासळी अंडी घालते, असे त्यांनी सांगितले. एकाने काठीने गवत बाजूला सारून मागच्या हंगामातील सुकलेली जागा दाखवली. ताटाएवढी गोल, भोवती गवत मोडून पडलेले. तीस वर्षे या गावात शिकवले, रोज पाळीवरून शाळेत गेलो, पण हे मला ठाऊक नव्हते. ते नोंदवहीत त्यांच्या नावानिशी लिहून घेतले आहे.

शिफारशीच्या कागदावर सही न करता वेगळे टिपण दिले आणि ते सभेच्या इतिवृत्तात शब्दशः घ्यावे अशी मागणी केली. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: तलाव ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याचे संमतिपत्र, गट क्रमांकांसह नकाशा आणि झुडपी गटाबाबत वन विभागाचे लेखी मत. पाळीवरच्या पेव्हर ब्लॉकला मी विरोध केलेला नाही. सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये मीही आहे.

समितीतील दोन महिला सदस्यांनी टिपणाखाली सह्या केल्या, बाकीच्यांनी विचार करायला वेळ मागितला. निस्तारपत्रकाच्या नकलेसाठी तहसीलमध्ये अर्ज दिला असून पोच घेतली आहे. नक्कल मिळाल्यावर त्यातील तलावाखालच्या नोंदी इथे उतरवून देईन, कारण जुनी मोडी वळणाची अक्षरे मला एकट्याला लागतील असे वाटत नाही.