कोळंबीचा तलाव पर्यावरणाला धरून चालू शकतो का? माझं मत: हो, पण खारफुटीबाहेरच

ओहोटी:
खारफुटी तोडू नका हे सगळेच म्हणतात, पण तोडून केलेला तलाव मुळात टिकत नाही हे फार कमी जण सांगतात. तिथल्या चिखलात लोह-गंधकाचं खनिज असतं, बांधासाठी उकरलं की त्याला हवा लागते, आम्ल तयार होतं, मग चुना टाकून टाकून माणूस थकतो आणि काही वर्षांत तलाव तसाच सोडून पुढची झाडं तोडायला निघतो. दुसरं म्हणजे खाद्यातल्या नायट्रोजनपैकी पाव ते एक तृतीयांशच कोळंबीच्या अंगी लागतो, बाकी पाण्यात आणि गाळात. म्हणून भरतीरेषेच्या वर, अस्तर घातलेले छोटे तलाव आणि बायोफ्लॉक, म्हणजे जिवाणूंकडूनच पाणी साफ ठेवायची पद्धत, हाच मार्ग मला पटतो.

दुसरी_बाजू:
अजिबात पटलं नाही. बायोफ्लॉकमधे उसाची मळी टाकून जिवाणू वाढवायचे, ते अमोनिया संपवतात, कोळंबी तेच जिवाणू खाते, पाणी फारसं बदलावं लागत नाही, इथवर ठीक. पण पाण्यात हवा मिसळणारे एरेटर रात्रंदिवस चालू लागतात, वीज गेली आणि जनरेटर नसला तर बघता बघता मरतुक सुरू होते, आणि ती वीज कोळशावरची असेल तर काय वाचवलं आपण? शिवाय खाद्यात फिशमील, म्हणजे समुद्रातले मासे उपसायचेच. व्हिएतनामच्या का माऊ भागात खारफुटी राखून तिच्यातल्या चरांमधेच कोळंबी वाढवतात, खाद्य जवळपास घालतच नाहीत.

ओहोटी:
का माऊचं मलाही आवडतं, पण तशा पद्धतीत हेक्टरी काही शे किलो निघतात, सघन तलावात कित्येक टन. सगळ्या जगाची मागणी तशी भागवायची तर तेवढा किनारा आणायचा कुठून?

दुसरी_बाजू:
मग मागणी कमी करा ना! हे कोणी बोलतच नाही.

तळ्याकाठी:
दोघंही रोगाचं विसरलात. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९० च्या दशकात देशोदेशी पसरला, नंतर २००९ च्या सुमारास चीनमधून लवकर मरतुकीचा रोग आला, तो व्हिब्रिओ जिवाणूचा. पीक मेलं की त्यात घातलेलं खाद्य, वीज, पाणी सगळंच वाया, आणि घाबरून ते पाणी तसंच बाहेर सोडलं तर शेजारच्याचाही तलाव जातो. म्हणून माझ्या मते तपासलेलं रोगमुक्त बीज, म्हणजे तलावात सोडायची पिल्लं, आणि कमी दाटी आधी, पद्धत कुठली ते नंतर.

ओहोटी:
दाटीचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. विजेचा मुद्दाही खरा आहे, एरेटर सौर विजेवर चालवले तरी रात्रीचा प्रश्न उरतोच आणि ऑक्सिजन नेमका पहाटेच सगळ्यात कमी असतो. पण बाहेर सोडायच्या पाण्यावर मी अडून राहणार. आधी निवळण तलाव, त्यात पाणी साफ करायला शिंपले आणि समुद्री शेवाळ, मग उरलेलं पाणी परत आपल्याच तलावात.

दुसरी_बाजू:
आणि तळाचा गाळ? तो खारट असतो, शेतात टाकता येत नाही. तो कुठे नेणार तेवढं सांगा, मग मी तुमच्या बाजूने.