मौखिक इतिहास: मूळ ध्वनिमुद्रण कुणाच्या ताब्यात हवं?
(ओसरी, कोठीघर, दुसरी बाजू आणि कानसेन या टोपणनावांनी झालेली चर्चा)

ओसरी
मौखिक इतिहासाच्या, म्हणजे मुलाखती घेऊन लोकांच्या आठवणी जपण्याच्या, बहुतेक प्रकल्पांत 'समाजाचा सहभाग' म्हणजे चहापाणी, ओळखीपाळखी आणि शेवटी एक सही. कुणाला काय विचारायचं ते बाहेरच ठरलेलं असतं. माझं म्हणणं असं की ज्यांच्या आठवणी, मूळ फाइल त्यांच्याचकडे राहावी आणि संस्थेने प्रत घ्यावी. प्रश्नावली समाजातल्या माणसांसोबत बसून करावी, मुलाखती घ्यायला त्यांच्यातल्याच तरुण मुलामुलींना शिकवावं आणि त्या कामाचे पैसे द्यावेत. हे सगळं लेखी, पहिलं ध्वनिमुद्रण होण्याआधी.

कोठीघर
ऐकायला छान आहे, पण मूळ फाइल घरच्या कपाटात टिकत नाही. हिशेब करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल (आवाज न आवळता साठवणारी) तासाला साधारण ५२० एमबी होते. पन्नास तासांचे २६ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावतं, म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि घात तिथेच होतो. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिला की त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो आणि एक दिवस फाइल उघडतच नाही. निदान तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा) काढून ठेवायचा, तो ठरावीक काळाने ताडून पाहायचा आणि डिस्क बंद पडायची वाट न बघता बदलायची. पहिल्या वर्षी हे उत्साहाने होतं, दहाव्या वर्षी करायला पगारी माणूसच लागतो.

ओसरी
लॉकर बँकेचा म्हणून दागिने बँकेचे होतात का? साठवण तुमच्याकडे असू द्या, हक्क आमच्याकडे. करारात 'देणगी' ऐवजी 'ठेव' लिहा, आणि कोणती फाइल कुणी ऐकायची हे समाजाला ठरवू द्या. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु लोकांसोबत काम करताना निघालेली मुकुर्तू ही मुक्त संगणकप्रणाली नेमकी यासाठीच आहे. काही साहित्य सगळ्यांना, काही एखाद्या कुळालाच, काही फक्त बायकांना, अशी दारं तिच्यात ठेवता येतात.

दुसरी बाजू
'समाजाला ठरवू द्या' म्हणजे नक्की कुणाला? समितीत कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे: ज्यांच्या शब्दाला आधीच वजन आहे ते. घरातल्या मारहाणीबद्दल किंवा हडपलेल्या जमिनीबद्दल बोललेल्या बाईची फाइल त्याच समितीच्या हाती दिली तर ती उघडणारच नाही. म्हणून पहिला हक्क बोलणाऱ्या व्यक्तीचा, समितीचा त्यानंतर. समितीने प्रश्न सुचवावेत, माणसं जोडून द्यावीत, पण एखाद्याचं बोलणं दाबायचा अधिकार तिला नको.

आणि संमती एकदाच घेऊन भागत नाही. एक मुलाखतीआधी, मुद्रणाला. दुसरी ऐकवून झाल्यावर, वापराला. मधे निदान महिनाभर जाऊ द्या. रंगात येऊन बोललेलं माणसाला दुसऱ्या दिवशी नकोसं वाटतं, आणि बोलण्यात आलेल्या तिसऱ्या माणसाला तर कुणी विचारलेलंच नसतं.

कोठीघर
संमतीवरून बेलफास्ट प्रकल्प आठवला. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांनी २००१ पासून मुलाखती दिल्या, त्या अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजकडे ठेवल्या होत्या. तुम्ही हयात असेपर्यंत काही बाहेर येणार नाही, असा शब्द दिलेला होता. २०११ मध्ये ब्रिटिश तपासासाठी अमेरिकेत समन्स निघाले आणि काही मुद्रणं द्यावी लागली. महाविद्यालयाने प्रकल्पाच्या संचालकाशी केलेल्या करारात 'अमेरिकी कायदा परवानगी देईल तितकं' अशी अट होती, ती निवेदकांना, म्हणजे मुलाखत देणाऱ्यांना, दिलेल्या पत्रात उतरलीच नाही. न्यायालयापुढे टिकणार नाही असं वचन संस्थेने देऊ नये, आणि समाजानेही नाही. एखाद्या गोष्टीने कुणी तुरुंगात जाऊ शकत असेल तर ती मुद्रित न करणं हाच खरा बंदोबस्त.

कानसेन
ताब्यावरून एवढी हमरीतुमरी, पण फाइल ऐकण्याजोगी हवी ना! कॉलरमाइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, रेकॉर्डरच्या मीटरवर आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारं 'ऑटो लेव्हल' बंद. ते चालू असलं की माणूस थांबतो तेव्हा मागची घरघर वर येते. पंखा बंद, फ्रिजही बंद, आणि बाइकची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण, भाषा आणि तोंडी होकार मुद्रित करा. फाइल मेसेजिंग ॲपवरून पाठवू नका, ऑडिओ म्हणून पाठवली की बहुतेक वेळा फाइल आवळली जाऊन आवाजाचा दर्जा उतरतो.

एका तासाच्या शब्दांकनाला, म्हणजे बोललेलं लिहून काढायला, सहा ते आठ तास जातात, त्यामुळे आधी कोणत्या मिनिटाला काय विषय आहे त्याची सूची करा. शब्दांकन यंत्राकडून करून घेतलं तर बोली गुळगुळीत होऊन प्रमाणभाषा बाहेर पडते. पुष्कळ संपादकही तेच करतात, तेही पुण्य समजून.

ओसरी
'दुसरी बाजू' यांचा मुद्दा मान्य: व्यक्तीचा हक्क आधी, समिती नंतर. पण निवेदक वारल्यावर तो हक्क कुणाकडे जातो? वारसांकडे म्हणाल तर त्याच बाईची फाइल मारणाऱ्याच्या मुलाकडे जाईल.

दुसरी बाजू
म्हणूनच दुसऱ्या संमतीच्या वेळी तिलाच विचारायचं: माझ्यानंतर कोण ठरवेल, आणि किती वर्षांनी सगळ्यांसाठी खुलं करायचं. नाव आणि वर्ष, दोन्ही तिच्या तोंडून, त्याच मुद्रणात.