प्रति: शनिवारी म्युनिकहून टेगर्नझे
शनिवारी म्युनिकहून टेगर्नझे या तळ्याकाठच्या गावी कसं जायचं, या प्रश्नावर 'बायर्न-तिकीट (जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं दिवसभराचं तिकीट) सकाळी ९च्या आधी चालत नाही' असं कुणी लिहिलंय, पण ते बंधन फक्त सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी हे तिकीट मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं, त्यामुळे पहाटेची गाडी बिनधास्त धरा. पाचजणांचं एकच तिकीट निघतं, पण प्रत्येकाचं नाव त्यावर हवं. टीसी ओळखपत्राशी ताडून बघतो. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र हे चालत नाही, रेल्वेत हे तिकीट लोकल आणि प्रादेशिक गाड्यांपुरतंच.

खरी गंमत पुढे आहे. टेगर्नझेची गाडी वाटेत तुटते. होल्त्सकिर्खेन स्टेशनला बायरिशझेल गावाकडे जाणारे डबे वेगळे होतात, पुढे शाफ्टलाख स्टेशनला लेन्गरीस गावाकडे जाणारे. म्हणजे फलाट बरोबर, गाडी बरोबर, वेळ बरोबर, आणि तरी माणूस भलत्याच दरीत. चढताना फलाटावरच्या पाटीवर विसंबू नका, डब्यावरचं गावाचं नाव वाचा. मधूनच चुकीच्या भागात शिरलात तरी घाबरायचं नाही, होल्त्सकिर्खेनला उतरून बदलता येतं. आणि ही गाडी म्युनिक हाऊप्टबानहोफच्या (मुख्य स्टेशनच्या) मधल्या हॉलमधून नव्हे, तर बाजूच्या २७ ते ३६ फलाटांकडून सुटते. तिथवर बरंच चालावं लागतं, तेव्हा कॉफी घ्यायची तर दहा मिनिटं हाताशी ठेवा.